‘वाटेल ते द्या’ म्हणतात, मग किती द्यायचे?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. ताई, बँडकॅम्पवर एक अल्बम सापडलाय, किमतीच्या जागी नुसती रिकामी चौकट आहे, तुम्हीच किंमत टाका म्हणतायत, झिरो टाकला तर बरं वाटत नाही आणि दहा डॉलर टाकले तर माझ्या पगाराला जड जातात, काय टाकू? बँडकॅम्प म्हणजे कलाकार आपली गाणी थेट ऐकणाऱ्यांना विकतात ती वेबसाइट. भावाला फोन करून जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न मला आत्तापर्यंत पाच-सहा जणांनी तरी विचारलाय आणि त्यातले अर्धे लोक त्या चौकटीपाशी अडकून शेवटी टॅब बंद करून मोकळे झालेत. म्हणजे गाणीही घेतली नाहीत आणि कलाकाराला पैसेही गेले नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर पहिली गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य: आकडा चौकटीसमोर बसून ठरवायचा नाही. आधी ऐका, आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग परत या आणि तेव्हा ठरवा. न ऐकलेल्या गाण्यांची किंमत कुणालाच सांगता येत नाही, तुम्ही कितीही मोठे फॅन असलात तरी.

हे मी शिकले ते २००७ च्या ऑक्टोबरमध्ये. रेडिओहेड ह्या इंग्लंडच्या बँडने १ तारखेला स्वतःच्या साइटवर दोन-तीन ओळींत सांगून टाकलं की नवीन अल्बम तयार आहे, दहा दिवसांत येतोय, नाव ‘इन रेनबोज’. ईएमआय ह्या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा त्यांचा करार आधीच संपला होता, नवीन कंपनी धरलेली नव्हती, दुकानात सीडी नाही, जे काय ते वेबसाइटवर. एक ४० पाउंडांचा बॉक्स होता, त्यात सीडी, व्हायनल रेकॉर्ड्स आणि जास्तीच्या गाण्यांची आणखी एक सीडी, आणि दुसरा पर्याय म्हणजे नुसतं डाउनलोड, त्याच्यापुढे रिकामी चौकट. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की यायचं, तुमच्यावर आहे. परत क्लिक केलं की यायचं, खरंच, तुमच्यावर आहे. झिरोपासून ९९ पाउंड ९९ पेन्सपर्यंत काहीही टाकता येत होतं.

मी तेव्हा पुण्यात होस्टेलला. आमच्या चौघींकडे मिळून एकही क्रेडिट कार्ड नाही, एका मैत्रिणीच्या मोठ्या भावाचं कार्ड मागून आणलं, सायबर कॅफेत एका स्क्रीनसमोर चौघी बसलो आणि तब्बल तासभर वाद घातला. एक म्हणाली फुकट देतायत तर घ्या, एक म्हणाली सीडी चारशेला येते तर तेवढे तरी द्यायला हवेत, एक म्हणाली डाउनलोडमध्ये ना कव्हर ना डबी, मग निम्मे. शेवटी दोन पाउंड टाकले. पाउंड तेव्हा ८० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १६० आणि वर कार्डाचा ४५ पेन्स चार्ज म्हणजे ३६, चौघींत वाटून ४९-४९ रुपये. आणि एवढा सगळा वाद घालेपर्यंत आमच्यापैकी एकीनेही त्या अल्बममधलं एक सेकंदसुद्धा ऐकलं नव्हतं!

मग ती दहा गाणी आम्ही अख्खी दिवाळी ऐकली, परीक्षेत ऐकली, रात्री दिवे घालवून ऐकली. डिसेंबरात मला वाटायला लागलं की ४९ रुपये फार कमी दिले आपण, परत जाऊन भरूया, तर १० डिसेंबरला ती ऑफर बंद झालेली. पुढे नवीन वर्षात सीडी बाजारात आली आणि मुंबईला गेल्यावर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, अजून त्या कोपऱ्यावरून जाताना मान तिकडे वळते). तेव्हा कळलं की पहिला आकडा अंदाजाचा असतो आणि दुसरा खरा असतो, म्हणून दुसऱ्या आकड्यासाठी जागा ठेवायची.

ही कल्पना माझी एकटीची नाही. कॅनडाची गायिका जेन सिबरी हिने रेडिओहेडच्या दोन वर्षं आधी, २००५ मध्ये, आपल्या साइटवर असंच केलं होतं आणि तिच्याकडे चार पर्याय होते: माझ्याकडून भेट म्हणून घ्या, तुम्हाला वाटेल ती किंमत आत्ता द्या, वाटेल ती किंमत नंतर ऐकून द्या, किंवा सरळ चालू बाजारभाव द्या जो गाण्याला साधारण ९९ सेंट होता. शिवाय आधीच्या लोकांनी सरासरी किती दिले तेही ती दाखवायची. तो जो नंतर ऐकून द्या हा पर्याय आहे ना तो मला ह्या सगळ्या प्रकारातला सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो, आणि आज तो बटणाच्या रूपात दिसत नसला तरी तुम्ही स्वतःपुरता वापरू शकता. बँडकॅम्पवर बहुतेक अल्बम पानावरच पूर्ण ऐकता येतात, ते ऐका. डाउनलोड करूनच ऐकायचं असेल, मोबाइलमध्ये टाकून बसमध्ये वगैरे, तर आत्ता झिरो टाकून घ्या आणि कॅलेंडरमध्ये दहा दिवसांनंतरची आठवण लावून ठेवा. आठवण लावणं महत्त्वाचं आहे, नाहीतर राहून जातं, मनात कितीही असलं तरी राहून जातं.

आता दहा दिवस झाले, अल्बम आवडलाय, चौकट परत समोर आहे. आकडा कसा काढायचा?

आपल्याकडे घरात लग्नाची पत्रिका आली की आई कपाटातून आहेराची वही काढते, आठवतंय ना? त्यांनी आपल्याकडच्या कार्यात काय दिलं होतं, नातं किती जवळचं, आणि ह्या महिन्यात आपल्या हातात किती आहे, ह्या तीन गोष्टींवर पाकिटातली रक्कम ठरते आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही, कुणी हिशोबी म्हणत नाही, उलट न बघता दिलं तरच चूक होते. मी अल्बमलाही हीच वही लावते.

त्यांनी काय दिलं हे बघायला किती वेळा ऐकलं ते बघा. समजा दहा गाण्यांचा अल्बम तुम्ही महिन्याभरात तीस वेळा ऐकला, म्हणजे ३०० प्ले. हेच स्ट्रीमिंग ॲपवर ऐकलं असतंत तर प्लेला अगदी अर्धा सेंट धरला तरी, आणि हा हात सैल सोडून धरलेला आकडा आहे, सगळे मिळून दीड डॉलर झाले असते आणि तेसुद्धा मधल्या कंपन्यांना त्यांचा वाटा देऊन मग कलाकाराला. जुन्या पद्धतीच्या कंपनीच्या करारात सीडीच्या किमतीतला लहानसा हिस्सा कलाकाराचा आणि तोही आधी दिलेली उचल फिटल्यावर. आता बँडकॅम्पचं बघा: डिजिटल विक्रीवर त्यांचा हिस्सा १५ टक्के, वर पेमेंट कंपनीचा चार्ज, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार सरासरी ८२ टक्के कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे, म्हणजे त्याची गाणी काढणाऱ्या कंपनीकडे, जातात. म्हणजे तुम्ही पाच डॉलर टाकलेत तर चारच्या आसपास पोचतात. ह्याचा अर्थ तुमचे पाच डॉलर हे दुकानातल्या पाच डॉलरपेक्षा कितीतरी जड आहेत. माझा भाऊ म्हणाला दहा द्यायला हवेत ना, सीडी तेवढ्याला असते, मी म्हटलं सीडीच्या दहातले त्यांच्या हातात किती पडतात ते आधी बघ.

नातं किती जवळचं हे तुमचं तुम्हाला माहीत. पहिल्यांदा ऐकलेला बँड आणि दहा वर्षं सोबत असलेला बँड ह्यांना एकच रक्कम द्यायचं कारण नाही. मी अनोळखी बँडला पहिल्या वेळी तीन डॉलर देते, आवडत्यांना सात-आठ, आणि ज्यांच्यामुळे एखादा अवघड काळ निघून गेला त्यांना एकदा वीस दिलेत आणि परत देईन. बिदागी हा आपला शब्द ह्यासाठी फार चांगला आहे. मैफल झाल्यावर गवयाला बिदागी दिली जाते ती वस्तूची किंमत म्हणून दिली जात नाही, देणारा आपल्या ऐपतीने आणि आनंदाने देतो आणि घेणारा मानाने घेतो.

आणि ऐपत. ह्याच्याबद्दल लोक उगाच ओशाळतात म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑस्लोमधला किंवा शिकागोमधला माणूस आठ डॉलर देतो ते त्याच्या एका साध्या जेवणाच्या आतले पैसे असतात, लातूरहून पुण्याला येऊन पहिली नोकरी करणाऱ्या मुलाला तेच आठ डॉलर म्हणजे सातशे रुपये, मेसच्या डब्याचे कितीतरी दिवस. ही तफावत देणाऱ्यांच्या आकड्यांतही दिसते. ‘इन रेनबोज’च्या वेळी कॉमस्कोर ह्या कंपनीने अंदाज काढला होता की ६२ टक्के लोकांनी काहीच दिलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांच्यात अमेरिकेतल्या लोकांनी सरासरी ८ डॉलर ५ सेंट आणि अमेरिकेबाहेरच्यांनी ४ डॉलर ६४ सेंट दिले. बँडने हे आकडे साफ चुकीचे आहेत असं म्हटलं होतं, त्यामुळे मी ते शंभर टक्के धरत नाही, पण बाहेरच्या देशातले लोक कमी देणार ह्यात गैर काहीच नाही. मी महिन्याला गाण्यांसाठी ६०० रुपये बाजूला काढते. त्यात एकच अल्बम घेतला तर सगळे त्याला, तीन घेतले तर दोनशे-दोनशे. असं बजेट असलं की प्रत्येक वेळी मनाशी भांडावं लागत नाही.

काही अल्बमवर सुचवलेली किंमत असते. ती वाचा, विचारात घ्या, पण त्याच आकड्याला चिकटून राहू नका. मॅग्नाट्यून नावाच्या एका ऑनलाइन म्युझिक कंपनीत पूर्वी अल्बमला ५ ते १८ डॉलरमधलं काहीही देता यायचं आणि ८ डॉलर सुचवलेले असायचे, तर लोकांनी सरासरी दिले ८ डॉलर २० सेंट. कमीत कमी पाच देऊन चालत असताना! म्हणजे एकीकडे लोक वाटतात त्यापेक्षा उदार असतात, आणि दुसरीकडे समोर दिसणारा आकडा आपल्याला ओढून घेतो. त्यामुळे आधी स्वतःचा आकडा कागदावर लिहा आणि मग सुचवलेला बघा.

आता पैशांची कटकट, जी भारतातून भरताना होतेच.

फार छोटी रक्कम टाकू नका. पेमेंटच्या चार्जमध्ये टक्क्यांबरोबर एक ठरलेली रक्कमही असते, त्यामुळे अर्धा डॉलर टाकला तर त्यातला मोठा भाग तिथेच जातो. माझा नियम आहे, द्यायचेच तर दोन डॉलरच्या खाली नाही, आणि तेवढे आत्ता नसतील तर पुढच्या महिन्यात एकदम चार. तसंच एका कलाकाराचे दोन अल्बम घ्यायचे असतील तर कार्टमध्ये टाकून एकत्र घ्या.

चलन बघून घ्या. किंमत कलाकार जिथला तिथल्या चलनात असू शकते, पाउंड, युरो, येन. ५०० येन बघून घाबरायचं कारण नाही, तीनशे रुपयांच्या आतबाहेर होतात, पण ५ पाउंडांना ५ डॉलर समजलात तर बिल आल्यावर दचकायला होईल. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनाचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या खरेदीवर १८-१९ रुपये वर जातात, ते तुमच्या बजेटमध्ये धरा. आणि कार्डावर इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहार बंद असतील तर पेमेंट होणारच नाही. नवीन कार्डावर ते आधीपासूनच बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे, मर्यादा हजार-दोन हजार ठेवायची, झालं. माझं एकदा तीन वेळा पेमेंट फेल झालं आणि मी समजत होते की साइट बिघडलीये, पण ते बटण बंद होतं.

शुक्रवारचं लक्षात ठेवा. २० मार्च २०२० ला, कोरोनात कार्यक्रम बंद पडले तेव्हा, बँडकॅम्पने एक दिवस स्वतःचा हिस्सा सोडला आणि तेव्हापासून ठरावीक महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी ते असं करतात. त्या दिवशी सरासरी ९३ टक्के कलाकाराकडे जातात. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने मोजतात, त्यामुळे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो (त्यांच्या हिवाळ्यात दीडला) आणि शनिवारी त्याच वेळेपर्यंत चालतो. मी दहा दिवसांनंतरची आठवण लावते ती जमेल तेव्हा ह्या शुक्रवारवरच लावते, म्हणजे माझे तेवढेच पैसे जातात पण त्यांना जास्त मिळतात.

झिरो कधी टाकायचा? हातात खरंच पैसे नसतील तेव्हा, मनात काही न आणता. एकदा ऐकून आवडलं नाही तेव्हाही, कारण न आवडलेल्याची भरपाई द्यायची नसते. फक्त एक माहीत असू द्या, कलाकाराला बँडकॅम्पवर महिन्याला २०० फुकट डाउनलोड मिळतात, त्यापुढचे त्याला विकत घ्यावे लागतात. त्यामुळे अगदी छोट्या कलाकाराचं नुसतं चाळायला म्हणून डाउनलोड करू नका, पानावर ऐका, तिथे त्याचा काही खर्च होत नाही.

सगळेच फुकट घेत असतील तर माझ्या तीन डॉलरनी काय होणार, असं एक जण मला म्हणाला होता. सॉल विल्यम्स ह्या अमेरिकन कवी-रॅपरने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये अल्बम ठेवला होता, फुकट घ्या किंवा पाच डॉलर द्या. १,५४,४४९ लोकांनी डाउनलोड केला, त्यातल्या २८,३२२ जणांनी पाच डॉलर दिले. बघितलं तर पाचातला एकसुद्धा धड नाही. पण गुणाकार करा, १ लाख ४१ हजार डॉलरच्या वर होतात, आणि त्यातला प्रत्येक जण हाच विचार करून टॅब बंद करू शकला असता. रेडिओहेडचंही तसंच, फुकट मिळत असूनसुद्धा नंतर आलेली सीडी इंग्लंड आणि अमेरिकेत दोन्हीकडे एक नंबरला गेली, आणि वर्षभरात डाउनलोड, सीडी, बॉक्स सगळं मिळून ३० लाख प्रती विकल्याचं त्यांच्या गाण्यांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या कंपनीने सांगितलं. ४० पाउंडांचे बॉक्सच एक लाख गेले. ज्यांनी डाउनलोडला कमी दिले त्यातले कितीतरी नंतर सीडी घ्यायला गेले असणार, आम्ही गेलोच की. म्हणून सीडी किंवा रेकॉर्ड येणार आहे आणि तुम्ही ती घेणार आहात असं असेल तर डाउनलोडला कमी टाकायला हरकत नाही, एकाच अल्बमचे दोनदा पूर्ण पैसे कुणी मागत नाही.

भारतातल्या बँडचं जरा वेगळं आहे. बँडकॅम्पवरचे पैसे कलाकाराला पेपॅल ह्या ऑनलाइन पेमेंट सेवेतून मिळतात, आणि २०२१ च्या एप्रिलपासून पेपॅलवर भारतातून भारतात पैसे पाठवता येत नाहीत, त्यामुळे पुण्याच्या बँडला पुण्यातूनच बँडकॅम्पवर पैसे द्यायला गेलात तर अडकू शकता. अशा वेळी सोडून देऊ नका, त्यांना थेट मेसेज करून यूपीआय विचारा. बरेच जण आनंदाने क्यूआर पाठवतात आणि त्यात मधला कट नाही. आपल्याकडे फुकट देणारेही होऊन गेलेत, दिल्लीच्या इंडियन ओशनने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम दर महिन्याला एक गाणं असा ऑनलाइन फुकट दिला होता. त्यांचे गायक आणि तबलावादक अशीम चक्रवर्ती त्याच्या आधी डिसेंबर २००९ मध्ये गेले, ह्या गाण्यांत त्यांचा आवाज आहे. अशा अल्बमला चौकटच नसते, तिथे द्यायची जागा म्हणजे कार्यक्रमाचं तिकीट. पास मिळत असला तरी मी तिकीट काढते.

भावाने काय केलं ते सांगते. हडपसरच्या कंपनीच्या बसमध्ये जाता-येता त्याने तो अल्बम बारा दिवस ऐकला, सातवं गाणं रोज दोनदा असं म्हणाला. कार्डाचं इंटरनॅशनल बटण चालू करायला त्याला एक संध्याकाळ लागली. पहिल्या दिवशी तो तीन डॉलर टाकणार होता, शुक्रवारी दुपारी पावणेएकला साडेपाच टाकले, आणि पैसे भरताना कलाकाराला दोन ओळी लिहायची जागा येते तिथे इंग्रजीत लिहिलं की मी पुण्यात राहतो आणि तुमचं सातवं गाणं सकाळी सव्वासहाच्या बसमध्ये ऐकतो. दोन दिवसांनी तिकडून उत्तर आलं, त्याचा स्क्रीनशॉट त्याने घरच्या ग्रुपवर टाकलाय.